कुपी रिकामी नाही : प्रयोगशाळेतील ‘मानवी’ प्रथिनांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांतील पत्रांचा गठ्ठा चाळताना असे लक्षात आले की, त्यांतील निम्मी पत्रे एकाच लहानशा काचेच्या कुपीभोवती फिरत आहेत. मराठवाड्यातील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञानाचे वर्ग रुळून आता बरीच वर्षे झाली. काही ठिकाणी पेशीसंवर्धनाच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागोमाग ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन’ असे लेबल लावलेल्या महागड्या कुप्याही आल्या. माणसाच्या शरीरात तयार होणाऱ्या एखाद्या प्रथिनाचे जनुक जिवाणूत, यीस्टमध्ये किंवा संवर्धनात वाढवलेल्या पेशीत घालायचे आणि ते प्रथिन तिच्याकडून करवून घ्यायचे, अशी या ‘पुनर्संयोजित मानवी प्रथिना’ची व्याख्या पाठ्यपुस्तकात असते आणि ती बरोबरही आहे. अडचण येते ती व्याख्या संपल्यावर, म्हणजे कुपी हातात पडल्यावर. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : प्रकल्पासाठी आम्ही १० मायक्रोग्रॅम मानवी एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर (पेशींची वाढ घडवणारे प्रथिन) मागवला होता. कुपी उजेडात धरून पाहिली तर आत काहीच दिसत नाही. विक्रेता म्हणतो की माल आत आहे. आमची फसवणूक झाली आहे का?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : बहुधा झालेली नाही, आणि कृपा करून ती कुपी टाकून देऊ नका. मी स्वतः उमेदवारीच्या काळात अशीच एक कुपी ‘रिकामी’ ठरवून कचऱ्याच्या डब्यात टाकली होती आणि संध्याकाळी मार्गदर्शकांना ती कुठे आहे हे सांगताना माझी जी अवस्था झाली, ती आजही आठवते.

१० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. स्वयंपाकघरातील बारीक मिठाचा एक कणसुद्धा साधारण पन्नास-साठ मायक्रोग्रॅम भरतो, म्हणजे तुमच्या कुपीतील सगळा माल त्या एका कणाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका आहे. हे प्रथिन गोठवून, निर्वातात सुकवून पाठवलेले असते. कधी त्याचा पांढरट पापुद्रा तळाशी दिसतो, कधी काचेवर नुसती धूसर झाक असते आणि कधी तीही नसते. शिवाय प्रवासात कुपी उलटीपालटी झाली की हा सुका अंश बुचाच्या आतल्या बाजूला जाऊन चिकटतो. म्हणून बूच काढण्यापूर्वी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून घ्यावी, म्हणजे जे काही आहे ते तळाशी बसते. तुम्ही बूच आधीच उघडले असेल, तर विरघळवण्याचे द्रावण बुचाच्या आतल्या अंगावरून आणि काचेच्या भिंतींवरून हलकेच फिरवून तळाशी उतरवा.

कोणते द्रावण वापरायचे हे सोबतच्या माहितीपत्रकात दिलेले असते आणि त्यात आपली अक्कल चालवू नये. काही प्रथिने साध्या निर्जंतुक पाण्यात विरघळतात. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटासारख्या प्रथिनाला मात्र ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागते. द्रावण घातल्यावर कुपी व्हॉर्टेक्सवर धरून जोरात हलवू नका. अंड्याचा पांढरा बलक फेटला की फेस येतो आणि तो फेस पुन्हा पहिल्यासारखा पातळ बलक होत नाही, हे घरोघरी पाहिलेले असते. हवेच्या बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी उलगडते म्हणूनच तसे होते. तुमच्या कुपीत बलकाइतका ऐवज नाही. तेथे थोडाही फेस परवडत नाही. कुपी दहा-पंधरा मिनिटे तशीच राहू द्या, अधूनमधून हळुवार कलती करा.

आता हिशेब पाहू. १०० मायक्रोलीटरमध्ये विरघळवले तर तुमच्याकडे प्रति मिलिलीटर १०० मायक्रोग्रॅमचे मूळ द्रावण तयार होते. पेशींना प्रति मिलिलीटर १० नॅनोग्रॅम द्यायचे असेल, तर तेवढ्याच कुपीत एक लीटर माध्यम तयार होते. जी कुपी रिकामी वाटत होती, ती वर्षभराच्या प्रकल्पाला पुरू शकते, पण ती प्लास्टिकच्या नळीला चिकटून संपली नाही तरच. इतक्या विरळ द्रावणातील प्रथिनाचा मोठा भाग नळीच्या भिंतीला धरून बसतो; म्हणून त्यात ०.१ टक्का बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन (गायीच्या रक्तातील एक प्रथिन) घालण्याची पद्धत आहे, म्हणजे भिंतीवरच्या जागा तेच अडवून टाकते. मात्र या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायची असतील किंवा त्याचे प्रमाण मोजायचे असेल, तर हे अल्ब्युमिन मधे लुडबुड करते. तशा वेळी अल्ब्युमिनविरहित कुपीच मागवावी.

प्रश्न : माझी मुलगी छत्रपती संभाजीनगरला शिकते. त्यांच्या प्रयोगशाळेत माणसाचे जनुक जिवाणूंत घालतात, असे ती सांगते. हे जनुक कोणत्या माणसाचे असते? आणि असे जिवाणू बाहेर सुटले तर?
— कापूस उत्पादक शेतकरी, माजलगाव, जि. बीड

उत्तर : आपला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराची निम्मी वाट आपल्या शेतातूनच जाते. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसाच्या झाडात गेलेले होते आणि झाडच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करू लागले होते. आपली कन्या पाहते आहे तो याच्या उलट दिशेचा प्रवास आहे : माणसाच्या जनुकातील मजकूर जिवाणूत जातो आणि जिवाणू माणसाचे प्रथिन तयार करतो. दोन्ही गोष्टी शक्य होतात, कारण जनुकाची लिपी सर्व सजीवांत जवळपास एकच आहे. त्या लिपीचा उलगडा करणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते. १९६८ सालचे नोबेल त्यांना त्याच कामासाठी विभागून मिळाले.

जनुक ‘कोणत्या माणसाचे’ याचे उत्तर आज बहुतेक वेळा ‘कोणाचेच नाही’ असे असते. प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम माहीत असतो, त्यावरून जनुकाचा मजकूर संगणकावर लिहितात आणि त्याबरहुकूम डीएनए रसायनांपासून जुळवून घेतात. हे नवे नाही. १९७७ साली सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो आम्लांचे चिमुकले मानवी संप्रेरक जिवाणूकडून प्रथमच करवून घेतले, तेव्हाही त्याचे जनुक रासायनिक रीतीनेच बनवलेले होते. पुढच्याच वर्षी याच मार्गाने मानवी इन्सुलिन तयार झाले आणि १९८२ साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले. त्याआधी मधुमेहींना डुकराच्या आणि गायीच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन टोचावे लागे. वाढीच्या संप्रेरकाची कथा तर याहून कठीण होती : ते मृत माणसांच्या मेंदूतळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथींतून काढत, आणि १९८५ साली त्यातून काही रुग्णांना मेंदूचा असाध्य रोग जडल्याचे उघड झाले, तेव्हा त्याचे वितरण थांबवावे लागले. त्याच वर्षी जिवाणूंत तयार केलेले वाढीचे संप्रेरक मंजूर झाले. म्हणजे लेबलावर ‘मानवी’ असे लिहिलेले असले, तरी ते मजकुराविषयी असते, शरीराविषयी नव्हे.

याला एक अपवाद सांगितलाच पाहिजे. काही प्रथिने जिवाणूंत नीट तयार होत नाहीत, ती मानवी पेशींत करवून घेतात आणि त्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी एचईके २९३ ही पेशीमालिका १९७३ साली हॉलंडमधील लायडन येथे मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून तयार झालेली आहे. त्या मूळ पेशी एका गर्भाच्याच होत्या. आज जगभर वाढतात त्या त्यांच्या असंख्य पिढ्यांनंतरच्या पेशी.

जिवाणू सुटण्याविषयी : प्रयोगशाळेतील ई. कोलायचे वाण वर्षानुवर्षे आयत्या अन्नावर पोसलेले असतात. त्यांतील के-१२ हा वाण १९२२ सालापासूनचा आहे. माणसाच्या आतड्यात नेहमीच्या जिवाणूंशी झुंजून तग धरण्याची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. तरीही त्यांच्यात प्रतिजैविकाला दाद न देणारे एखादे जनुक खुणेसाठी घातलेले असते आणि ते नाल्यात जाऊ नये, हे महत्त्वाचे आहे. म्हणून वापरलेले संवर्धन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आपल्या कुकरच्याच मोठ्या भावंडात, १२१ अंश सेल्सिअसला पंधरा-वीस मिनिटे ठेवून मगच टाकायचे असते. आपल्या देशात यासाठी १९८९ सालचे नियम आहेत आणि असे काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. मुलगी सुटीत घरी आली की तिला एवढेच विचारा : “कचरा ऑटोक्लेव्ह करूनच टाकता ना?” ती अडखळली, तर काळजी करण्याचे कारण आहे, पण ते कारण जनुकाचे नाही, आळसाचे आहे.

प्रश्न : मे महिन्यात मागवलेले पार्सल तीन दिवस कुरिअरच्या गोदामात पडून राहिले. आतील जेलपॅक पूर्ण वितळून कोमट झाले होते. आमचे लेखापाल म्हणतात की माल परत करा. करावा का?
— अधिव्याख्याता, लातूर

उत्तर : कुपीत सुकी पूड आहे की द्रव, हे आधी पाहावे. सुकवलेली प्रथिने काही दिवसांची उष्णता बहुधा सहन करतात. अनेक उत्पादक ती साध्या तापमानालाच पाठवतात आणि जेलपॅक केवळ जास्तीची खबरदारी म्हणून ठेवतात. द्रव प्रथिन कोरड्या बर्फात पाठवलेले असेल आणि ते वितळून कोमट झाले असेल, तर लेखापालांचे ऐकावे. दोन्ही बाबतींत पार्सल उघडताना तारखेसह छायाचित्र काढून विक्रेत्याला त्याच दिवशी कळवावे, आठवड्याने नव्हे.

माझ्या अनुभवाने सांगतो, आपल्याकडे कुरिअरपेक्षा अधिक प्रथिने आपल्याच फ्रीजमध्ये मरतात. अनेक विभागांत घरगुती ‘फ्रॉस्ट-फ्री’ फ्रीज असतो. बर्फ साचू नये म्हणून तो दिवसातून अधूनमधून आपला डीप फ्रीजर आपणच किंचित तापवतो. आइस्क्रीमला त्याचे काही वाटत नाही, पण विरघळवलेले प्रथिन दर वेळी अर्धवट वितळते व पुन्हा गोठते आणि काही आठवड्यांत निकामी होते. त्यात उन्हाळ्यातील वीजकपात मिळाली की विचारूच नका. म्हणून विरघळवलेले प्रथिन एका नळीत न ठेवता एकेका प्रयोगापुरते छोट्या नळ्यांत वाटून, ज्याचा बर्फ हाताने काढावा लागतो अशा फ्रीजरमध्ये ठेवावे. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये. थर्माकोलच्या पेटीत गोठलेल्या जेलपॅकांच्या मधोमध नळ्या ठेवून तीच पेटी फ्रीजरमध्ये ठेवली, तर चार-पाच तास वीज गेली तरी निभावते.

प्रश्न : उंदराच्या मॅक्रोफेज पेशींना (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) मानवी इंटरफेरॉन गॅमा हे त्यांना चेतवणारे प्रथिन दिल्यावर नायट्रिक ऑक्साइड वाढते का, हे मी तपासत आहे. पहिल्या विक्रेत्याच्या कुपीने उत्तम वाढ दिसली. ती संपल्यावर दुसऱ्याकडून घेतली, तर काहीच परिणाम नाही. दोन्ही ई. कोलायमध्ये बनवलेली आणि ९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध आहेत. दुसरा माल खराब निघाला असे समजावे का?
— संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : थोडे दुखेल, पण माझा संशय पहिल्या कुपीवर आहे.

मानवी इंटरफेरॉन गॅमा उंदराच्या पेशींवर काम करत नाही. माणसाच्या आणि उंदराच्या या प्रथिनांतील अमिनो आम्लांचा क्रम सुमारे ४० टक्केच जुळतो, आणि उंदराच्या पेशीवरील ग्राही, म्हणजे हे प्रथिन धरणारा रेणू, मानवी प्रथिनाला ओळखत नाही. प्रत्येक प्रथिनाचे असे नसते. मानवी इंटरल्यूकिन-२ उंदराच्या पेशींना चालते, इतके की त्याची ताकद मोजण्यासाठी सीटीएलएल-२ ही उंदराचीच पेशीमालिका वापरतात. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर मधल्या वाटेवर आहे : मानवी प्रथिन उंदराच्या दोन ग्राहींपैकी एकालाच धरते. तेव्हा ‘मानवी प्रथिन उंदराला चालते का’ याचे सरसकट उत्तर नाही, प्रत्येकाचे वेगळे पाहावे लागते. आणि तुम्ही निवडलेल्या प्रथिनाच्या बाबतीत ते ‘नाही’ असे आहे. दुसऱ्या कुपीने काहीच केले नाही, म्हणजे ती प्रामाणिकपणे वागली.

मग पहिल्या कुपीत नायट्रिक ऑक्साइड वाढवले कोणी? बहुधा एंडोटॉक्सिनने. ई. कोलायच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो; त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. पेशी फोडून प्रथिन काढताना तो सोबत येतो आणि मुद्दाम काढला नाही तर शेवटपर्यंत साथ सोडत नाही. मॅक्रोफेजचे तर कामच असे जिवाणूंचे अंश हुंगून पेटून उठण्याचे आहे. प्रति मिलिलीटर काही नॅनोग्रॅमही तिला पुरतात. लेबलावरील ‘९५ टक्के शुद्ध’ हा आकडा येथे उपयोगाचा नाही, कारण तो सामान्यतः प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर निळ्या रंगाने रंगलेल्या प्रथिनांच्या पट्ट्यांवरून काढतात, आणि लिपोपॉलिसॅकराइड हे प्रथिनच नसल्याने त्या निळ्या रंगात ते दिसतच नाही. त्यासाठी लेबलावरची दुसरी ओळ वाचायची असते : प्रति मायक्रोग्रॅम किती एंडोटॉक्सिन युनिट. एक युनिट म्हणजे ढोबळमानाने ०.१ नॅनोग्रॅम. प्रति मायक्रोग्रॅम एकाहून कमी युनिट असलेले प्रथिन तुम्ही प्रति मिलिलीटर १०० नॅनोग्रॅम दिले, तर पेशींपर्यंत ०.०१ नॅनोग्रॅमहून कमी एंडोटॉक्सिन पोहोचते. हीच संख्या हजार युनिट असेल, तर १० नॅनोग्रॅम पोहोचते आणि पेशी भडकतात. इंटरफेरॉन असो वा नसो. (हे युनिट मोजण्याची रूढ चाचणी हॉर्सशू क्रॅब या प्राचीन समुद्री जीवाच्या निळ्या रक्तापासून करतात. त्याचे भाऊबंद आपल्या ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडतात.)

पहिल्या कुपीतील थेंबभर द्रावण उरले असेल, तर संशय दोन दिवसांत फिटेल. त्यातील एक भाग अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. उकळल्याने इंटरफेरॉन नष्ट होते, एंडोटॉक्सिनला मात्र फारसे काही होत नाही. दुसऱ्या भागात पॉलिमिक्सिन बी मिसळा. ते एंडोटॉक्सिनला बांधून ठेवते आणि इंटरफेरॉनला हात लावत नाही. उकळलेल्या भागाने नायट्रिक ऑक्साइड वाढले आणि पॉलिमिक्सिन असलेल्या भागाने वाढले नाही, तर उत्तर मिळाले. सोबत नुसत्या द्रावणाचीही चाचणी घ्या, कारण एंडोटॉक्सिन तुमच्या पाण्यातून किंवा काचसामानातूनही येऊ शकते. ऑटोक्लेव्हने ते जात नाही. काचेवरून घालवायचे तर २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते.

पुढील प्रयोगांसाठी उंदराच्या पेशी ठेवायच्या असतील, तर उंदराचे इंटरफेरॉन गॅमा मागवा. पहिल्या कुपीवरचे आलेख प्रबंधात घालू नका. सहा महिन्यांचे काम गेले याचे वाईट वाटेल, पण परीक्षकाने हेच विचारले असते तर अधिक वाटले असते.

प्रश्न : प्रयोग संपल्यावर उरलेला मानवी ग्रोथ फॅक्टर चेहऱ्यावरील डागांसाठी वापरला तर चालेल का? मैत्रिणी विचारतात.
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, धाराशिव

उत्तर : नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ असे लेबल असलेली कुपी माणसावर वापरण्याच्या दृष्टीने तपासलेली नसते. वरचे उत्तर वाचलेत, म्हणजे तिच्यात आणखी काय असू शकते हे कळले असेल.

प्रश्न : विकत घेणे परवडत नाही म्हणून आम्ही एक मानवी प्रथिन ई. कोलायच्या बीएल २१ या वाणात स्वतः तयार करत आहोत. आयपीटीजी (घातलेले जनुक चालू करणारे रसायन) घातल्यावर जेलवर ठळक पट्टी येते, पण पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर सगळे प्रथिन गाळात जाते, वरच्या द्रावणात काहीच राहत नाही. काय चुकते?
— संशोधक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : तुमचा जिवाणू काम करतो आहे, पण घाईने. ३७ अंशांवर ई. कोलाय वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो आणि टी७ प्रवर्तकावर (जनुक जोमाने चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) ठेवलेले जनुक तो अखंड वाचत सुटतो. साखळी तयार होण्याचा वेग तिची घडी बसण्याच्या वेगापेक्षा वाढला की अर्धवट घडीच्या साखळ्यांचे पाण्याला टाळणारे भाग उघडे राहतात, ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, पेशीच्या टोकांशी चमकदार ठिपका दिसेल. तोच तुमचा गाळ.

पहिला उपाय म्हणजे वेग कमी करणे. संवर्धन नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर वाढवा, आयपीटीजी घालण्याआधी थंड करा, एक मिलिमोलरऐवजी ०.१ मिलिमोलर घाला आणि १८ अंशांवर रात्रभर हलत ठेवा. आता आपल्याकडची अडचण अशी की, साध्या शेकरला तापवता येते, थंड करता येत नाही. एप्रिलमध्ये खोलीच ३५ अंशांवर असते, तेथे तो १८ वर उतरणार कसा? थंड होणारा शेकर विभागात नसेल, तर विद्यापीठात कोणाकडे आहे ते शोधून दोन रात्रींपुरता मागून घ्या. नाहीतर परभणीच्या थंडीचा फायदा घ्या. डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडचा पारा रात्री दहाच्या खाली जातो. तेव्हा तोच साधा शेकर १८ अंशांवर लावला, तर त्याला केवळ तापवण्याचेच काम उरते. हे विनोदाने लिहीत नाही; आमच्याकडे एका विद्यार्थ्याने सगळी प्रथिने दोन हिवाळ्यांत काढली.

त्यानेही जमले नाही, तर प्रथिनात सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या जोड्या किती आहेत ते पाहा. या जोड्यांना सांधणारे डायसल्फाइड बंध जिवाणूच्या पेशीद्रवात सहसा बनत नाहीत, आणि अनेक मानवी प्रथिनांची घडी त्या बंधांवरच टिकते. अशा वेळी ज्यांच्या पेशीद्रवात हे बंध बनू शकतात असे खास वाण वापरावेत, किंवा प्रथिनाला माल्टोज बायंडिंग प्रोटीनची जोड द्यावी. ते स्वतः उत्तम विरघळणारे असल्याने सोबत्यालाही तरंगते ठेवते. शेवटचा मार्ग म्हणजे गाळच धुऊन घेऊन ८ मोलर युरियात विरघळवायचा आणि युरिया डायलिसिसने टप्प्याटप्प्याने कमी करत घडी पुन्हा बसू द्यायची. जमले तर उत्तम, कारण गाळातील प्रथिन आधीच बरेच शुद्ध असते. पण त्यात आठवडे जातात.

आणि प्रथिनावर शर्करेच्या साखळ्या आवश्यक असतील, तर ई. कोलायचा नाद सोडा. तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचे सुमारे ४० टक्के वजन शर्करेचे असते. ती नसलेले प्रथिन संवर्धनातील पेशींना चालते, पण प्राण्याच्या शरीरात ते झपाट्याने बाहेर टाकले जाते. तुमचे प्रथिन कोणते, ते पत्रात लिहिलेले नाही. पुढच्या पत्रात त्याचे नाव, सिस्टीनची संख्या आणि शेकरचे तापमान एवढे कळवा. जेलचे छायाचित्र पाठवलेत तर त्यावर गाळ आणि वरचे द्रावण शेजारीशेजारी चालवलेले असू द्या.